शून्य लिहिलंस का?

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. बाल्टिक समुद्रातल्या हॉबुर्ग्स बँक या उथळ भागावर बोटीत तीन तास उभी होतीस, एकही लाँग-टेल्ड डक हे समुद्री बदक दिसलं नाही, आणि त्या तासांची नोंदच नाही. "काही नव्हतंच, लिहायचं काय?" अगं, नव्हतं हेच लिहायचं!

तुझी शंका रास्त आहे. ही बदकं बाल्टिकमध्ये १९९२-९३च्या हिवाळ्यात सुमारे ४३ लाख, २००७-०९ला सुमारे १५ लाख. मग बाकीची मेली, की दुसरीकडे सरकली? जहाजांच्या तेलाने मरतात, माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत बुडी मारताना अडकून मरतात. उत्तरेच्या टुंड्रात लेमिंग, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, कमी झाले की कोल्हे या बदकांच्या घरट्यांवर येतात, असाही कयास आहे. २०१२ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत हे बदक 'व्हल्नरेबल', म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेलं, ठरलं. कारणांवर विद्वान भांडोत. पण 'सरकली' म्हणायचं तरी सोडलेल्या जागेचं शून्य कुणीतरी लिहिलेलं लागतं ना?

मी नाही लिहिलं. गावामागच्या तलावावर अठरा हिवाळे रविवारी गेलो. तलवार बदकं दिसली की वही काढायची, नाही दिसली की टपरीवर चहा घेऊन घरी. पुढे तलावात भराव पडू लागला, तेव्हा वही घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी पानं चाळली. "प्रत्येक पानावर बदकं आहेत की. कमी कुठे झाली?" खोटं नव्हते बोलत. रिकामा रविवार माझ्या वहीत एकही नव्हता.

आता म्हणशील, सर स्वतःचं ओझं माझ्यावर टाकतात. टाकतो. पण नोकरी सांभाळून, आईचं आजारपण काढून मी जात तरी होतो! आणि मला सांगणारं कुणी नव्हतं. तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नोंदींवरून संगणकावर अंदाज बांधायच्या मॉडेलिंगकडे वळायचं तर वळ, माझी ना नाही. मॉडेललाही शून्यं लागतातच, आणि ती तुझ्यासारखं कुणीतरी थंडीत कुडकुडत आणतं.

ते तीन तास आज रात्रीच लिहून काढ. वेळ, वारा, लाटा, किती लांबचं दिसत होतं. धुक्यातलं शून्य वेगळं, लख्ख उजेडातलं वेगळं. आठवणीतून लिहिलंय, हेही लिही.

आणि हातमोजे भिजतात म्हणालीस, तर दुसरा जोड जवळ ठेव. लिहायला पेन्सिलच घे, थंडीत पेन दगा देतं.

तुझा,
सर