ख्रिस्त राजा आहे, पण शनिवारच्या मजुरीवर त्याचं राज्य आहे का?

ख्रिस्तराजाचा रविवार जवळ आला, म्हणजे आगमनकाळ (नाताळाच्या तयारीचे आठवडे) लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, आणि यावेळी वाचकांचे बहुतेक प्रश्न त्यावरच आले. सारखे होते ते एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न (सदर, नागपूर): आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. लहानपणी हा सण आमच्याकडे असल्याचं आठवत नाही. माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते हा आमचा सण आहे, तुम्ही लोक आता आता करून राहिले. खरं काय?

मैत्रिणीचं बरोबर आहे ताई. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ ला पत्रक काढून हा सण सुरू केला, तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा, १९६९ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा तो उपासनेच्या वर्षाच्या शेवटी आला, आणि मग हळूहळू अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट अशा बऱ्याच मंडळ्यांनी घेतला. पण तो काळ बघा ना. पहिलं महायुद्ध संपून सातच वर्षं झालेली, रशियाचा झार गेला, जर्मनीचा कैसर गेला, ऑस्ट्रियाचा सम्राट गेला, आणि रिकाम्या जागेवर नवे पुढारी येऊन बसले, इटलीत मुसोलिनी तर १९२२ पासूनच होता, लोकांकडून अख्खं मन मागणारी माणसं ही. अशा वेळी चर्चनं सांगितलं की माणसाची शेवटची निष्ठा कोणत्याच पुढाऱ्याची नाही, ती ख्रिस्ताची. हे काय फक्त कॅथलिकांच्या कामाचं आहे? आणि तुमच्या सदरच्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, आगमनकाळाचा पहिला रविवार होता तो. एकमेकांकडून चांगलं घेतलं म्हणूनच तर आपण सीएनआय आहोत. बिनधास्त साजरा करा, मैत्रिणीलाही बोलवा.

प्रश्न (मानेवाडा): मी बांधकामाचे ठेके घेतो. रविवार चुकवत नाही, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतो, ऑफिसात बायबलच्या वचनांच्या फ्रेम लावल्या आहेत. आमचे पास्टर म्हणाले, ख्रिस्ताला धंद्याचाही राजा करा. म्हणजे नेमकं काय करू? साइटवर रोज सकाळी प्रार्थना ठेवू का?

भाऊ, प्रश्न मनापासून विचारलाय, तर मीही सरळच सांगतो. प्रार्थना तुम्ही स्वतः करा, जरूर करा, पण ठिय्यावरून (मजूर अड्ड्यावरून) आणलेल्या मजुराला हात जोडून उभं करू नका, तो वेगळ्या धर्माचा असेल आणि तुमच्या हातात त्याची रोजी आहे, त्याला नाही म्हणता येत नाही.

सुरुवात शनिवारी संध्याकाळपासून करा. तुम्ही हे रोज बघता, पण एकदा थांबून बघा. साडेसहा वाजलेत, रेजा बाई हातापायाचं सिमेंट ड्रमच्या पाण्यानं धुऊन उभी आहे, लेकरू वाळूच्या ढिगावर झोपलंय, मुकादम वही घेऊन येतो आणि म्हणतो, पार्टीचं बिल निघालं नाही, अर्धे घे, बाकीचे पुढच्या हप्त्यात. ती काही बोलत नाही. घरी जाताना किराणावाल्याच्या गल्लीतून न जाता लांबून जाते, कारण त्याला आज पैसे द्यायचं कबूल केलं होतं. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात देवानं अगदी याच बाईबद्दल सांगितलंय, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशाकडे लागलेलं असतं. आणि याकोबाच्या पत्रातलं ५:४ तर वाचून घाम फुटतो, अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते म्हणतो आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानापर्यंत जाते म्हणतो. तुमचा दशांशही त्याच देवापुढे जातो ना भाऊ.

मला माहीत आहे की पार्टी खरंच पैसे अडकवते, तुम्ही खोटं बोलत नाही. म्हणून काम घेतानाच ॲडव्हान्समधून दोन हप्त्यांची मजुरी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला सिमेंट-सळईसाठी हात लावू नका. थांबायचंच असेल तर तुमचा नफा थांबू द्या, तिची मजुरी नको. दुसरं, बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायला मजुराला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो बरेच ठेकेदार देत नाहीत, कशाला भानगड म्हणून. जितके दिवस तुमच्याकडे भरले तितक्यांचा तुम्ही सही करून द्या, त्या एका सहीवर तिच्या पोरांची शिष्यवृत्ती अवलंबून असते. मत्तय २५ मध्ये राजा सिंहासनावर बसून लोकांचा न्याय करतो तेव्हा भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा असलंच विचारतो, ऑफिसात काय लावलं होतं हे विचारत नाही. फ्रेम राहू द्या, पण शनिवारचा हिशेब पूर्ण करा.

प्रश्न (कामठी रोड, कॉलेज विद्यार्थी): हॉस्टेलमध्ये मित्र म्हणतात, तुमचा राजा दुसराच आहे तर तुम्ही देशाचे कसे? मला पटकन उत्तर देता येत नाही.

रागावू नकोस, शांतपणे सांग. येशूनं रोमी सुभेदार पिलातासमोर म्हटलं की माझं राज्य या जगाचं नाही, तसं असतं तर माझे लोक लढले असते (योहान १८:३६). शिष्य पेत्रानं तलवार काढली तर त्याला म्यानात घालायला सांगितली, पाच हजार लोकांना जेवू घातल्यावर लोक धरून राजा करायला निघाले तर हा एकटाच डोंगरावर निघून गेला. अशा राजाला मानणाऱ्यांपासून देशाला काय धोका? उलट तो आपल्याला कामाला लावतो. बाबेलात नेलेल्या यहूदी बंदिवानांनासुद्धा यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलं होतं की ज्या नगरात आहात त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि ते तर शत्रूचं नगर होतं, आपलं तर हे स्वतःचं गाव आहे. मित्रांना हेही सांग की संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौरही. हो, एक मर्यादा आहे आणि ती लपवू नकोस. कोणीही, मग सरकार असो, पक्ष असो की चर्चचा पुढारी, अन्याय करायला सांगितलं तर आपण माणसापेक्षा देवाचं ऐकतो (प्रेषितांची कृत्ये ५:२९). अशी माणसं देशाला लागतातच.

प्रश्न (जरीपटका): नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे, अंगावर कर्ज झालं. एका प्रार्थना सभेत सांगितलं की आपण राजाची लेकरं, राजाचं लेकरू आजारी आणि कर्जबाजारी राहत नाही, तुमचा विश्वास कमी पडून राहिला. तेव्हापासून मला प्रार्थनाच होत नाही.

ताई, तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं आणि रागही आला, तुमच्यावर नाही, ज्यांनी हे सांगितलं त्यांच्यावर. हे शास्त्राला धरून नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रभूला विनवलं, काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. त्याच पौलानं आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०), त्रफिमाचा विश्वास कमी होता असा एक शब्द तिथं नाही. इब्रीकरांस पत्रात तर स्पष्टच आहे की सगळं त्याच्या अधीन केलंय, पण ते अजून आपल्याला दिसत नाही, दिसतो तो मरण सोसलेला येशू. आपण त्या मधल्या काळात आहोत. या राजाचा मुकुट काट्यांचा होता आणि त्या वेळी त्याला राजा म्हणून ओळखलं ते शेजारच्या क्रूसावरच्या मरत्या माणसानं, "आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा" एवढंच तो बोलला, तेवढी प्रार्थना चालली. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर तेवढंच म्हणा, दुसरं काही नको.

आणि एक कामाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. एकट्या जाऊ नका, मंडळीतलं कुणीतरी सोबत न्या, ते मंडळीचं कामच आहे.

प्रश्न (मोहननगर आणि इतर दोन ठिकाणांहून): चर्च कमिटीच्या निवडणुकीत दोन पॅनल पडले, भांडण कोर्टापर्यंत जाऊन राहिलं. दोघंही म्हणतात ख्रिस्ताच्या राज्यासाठी लढतोय.

याकोब आणि योहान हे शिष्य, दोघं भाऊ, येशूकडे हेच मागायला आले होते, एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे, आणि बाकीचे दहा जण चिडले. येशूनं दहांची बाजू घेतली नाही आणि दोघांचीही नाही, म्हणाला परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको (मार्क १०). हिशेबात खरंच घोळ असेल तर हिशेब मागणं हे भांडण नाही, तो नोटीस बोर्डावर लावायला लावा. बाकी कोण बरोबर हे मी इथून सांगू शकत नाही. पण मतदानाच्या आधी एक करा, दोन्ही पॅनलमधून एकेक माणूस घेऊन जोड्या पाडा, मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची यादी काढा आणि प्रत्येक जोडीनं दोन-तीन घरी जाऊन यायचं, चादर बदलायची, औषध आणून द्यायचं, पॅम्प्लेट द्यायचं नाही. करून बघा आणि काय झालं ते मला कळवा, पुढच्या वेळी त्यावरच लिहीन.