मागूर माशाच्या पिल्लाच्या कवटीत कोणती हाडं आधी तयार होतात?

जबड्याची आणि कल्ल्यांच्या झाकणाची. डोक्याचं छप्पर बरंच नंतर येतं. आफ्रिकन मागूरमध्ये (याच्या पालनावर भारतात बंदी आहे) हा क्रम नीट अभ्यासला गेलाय. सुरुवातीला डोक्यात फक्त कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतीचा) सांगाडा असतो. बलक काही दिवसांतच संपतो, मग पिल्लाला स्वतः खावं लागतं, म्हणून दात असलेली जबड्याची हाडं पहिली. मेंदूवरची बहुतेक हाडं कूर्चेशिवाय, थेट त्वचेखालच्या पडद्यात बनतात. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते माथ्यामागचं हाड: बहुतेक माशांत सुटी असणारी पार्श्विका हाडं (माथ्याची डावी-उजवी हाडं) इथे पश्चकपालाशी, म्हणजे डोक्याच्या मागच्या हाडाशी, एकजीव झालेली असतात. प्रौढ मागुराच्या माथ्यावरही दोन फटी उघड्याच राहतात. प्रयोगशाळेत पाहायचं असेल तर अलिझारिन रेड आणि ॲल्शियन ब्लू हे रंग वापरा. हाड लाल, कूर्चा निळी दिसते.