खापर फोडायचं की ठपका ठेवायचा?

माझा भाचा दादरला राहतो, जुन्या क्रिकेटवर व्हिडिओ करतो आणि स्क्रिप्ट झाली की दोन ठिकाणी पाठवतो, आईला शुद्धलेखनासाठी आणि मला शब्दांसाठी. परवाच्या स्क्रिप्टमध्ये एक वाक्य होतं, "क्रोनिए पकडला गेला तेव्हा आफ्रिकेने भारतावर ठपका फोडला." (क्रोनिए म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा तेव्हाचा कॅप्टन, २००० च्या मॅच फिक्सिंग प्रकरणातला.) मी लिहिलं, अरे ठपका काय नारळ आहे का फोडायला? तर लगेच मेसेज, "मामा मग खापर की ठपका? सेमच ना दोन्ही? आणि खापर म्हणजे नक्की काय फोडतात?"

सेम नाही रे बाबा. अजिबात नाही.

आधी खापर. खापर म्हणजे मातीचं भांडं किंवा फुटलेल्या मडक्याचा तुकडा, संस्कृतात खर्पर, त्यातून आपलं खापर. शहरात हा शब्द आता फक्त फोडण्यापुरता उरलाय पण खानदेशी घरात तो अजून स्वयंपाकघरात आहे. आमच्या शेजारच्या काकू जळगावच्या, त्या पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढा मोठा करतात आणि पालथ्या खापरावर टाकतात, ते बघायला मजल्यावरची पोरं दारात उभी राहतात. (खापरपणजोबांमधलं खापर हा वेगळा विषय, तो नंतर कधीतरी.)

आता वाक्प्रचारातलं चित्र डोळ्यासमोर आण. मडकं फुटलं एकाच्या हातून आणि खापर दुसऱ्याच्या डोक्यावर. म्हणजे जो माणूस "खापर फोडलं" म्हणतो त्याने आधीच ठरवलेलं असतं की ज्याच्या डोक्यावर फुटलं त्याचा सगळा दोष नाहीये. पटत नसेल तर "पोलिसांनी चोरीचं खापर चोरावर फोडलं" असं म्हणून बघ, कसंतरीच वाटतं ना? कारण चोरी चोरानेच केलीय, मग खापर कशाला? उलट "गाड्या लेट झाल्या आणि खापर मोटरमनवर फोडलं" हे वाक्य कानाला एकदम बरोबर लागतं कारण बोलणारा मोटरमनच्या बाजूचा आहे हे आपल्याला न सांगता कळतं.

ठपका मात्र ठेवतात. आणि तो कोणीही ऐरागैरा ठेवत नाही, त्याला चौकशी लागते, समिती लागते, अहवाल लागतो, निदान वरचा साहेब तरी लागतो. माझ्या जुन्या नोकरीत एकदा गोदामातून दोन टेबलफॅन गायब झाले. स्टोअरकीपरला जो कागद मिळाला त्यावर "हलगर्जीपणाचा ठपका ठेवण्यात येत आहे" असं होतं आणि तो कागद घडी करून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला तेव्हा जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे म्हणत होतो, गरिबावर खापर फोडलं. एकच घटना. कागदावर ठपका, डब्याशेजारी खापर.

मग आळ. आळ येतो किंवा घेतात, आणि तो बहुतेक वेळा खोटाच असतो. गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये, चोरीचा आळ येतो, कृष्णावर स्यमंतक मण्याचा आला होता, हे आजीने सांगितलेलं असतंच. बालंट म्हणजे त्याच्याही पुढचं, नसतं लचांड, कोणीतरी आपल्यावर आणलेलं. तोहमत, किटाळ, कुभांड पण आहेतच. आपल्याकडे दुसऱ्याला दोष द्यायच्या शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता.

आता तुझ्या क्रोनिएकडे येतो, कारण त्या एका प्रकरणात हे सगळे शब्द एकामागून एक लागू पडतात, मुद्दाम धड्यासाठी बनवल्यासारखं.

७ एप्रिल २०००, शुक्रवार. दिल्ली पोलिसांनी सांगितलं की दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए आणि एका बुकीचं, म्हणजे सट्टा घेणाऱ्याचं, फोनवरचं बोलणं आमच्याकडे आहे, मार्चमध्ये भारतात झालेल्या वनडे मालिकेबद्दल. तो संघ नुकताच इथून गेला होता, फेब्रुवारीत वानखेडेवर तीन दिवसांत टेस्ट जिंकून, सचिन कॅप्टन असताना, त्यामुळे मुंबईत त्या माणसाबद्दल आदरच होता. तिकडे तर कोणाचा विश्वासच बसेना, बोर्डाचे अली बाखर त्याच्या पाठीशी उभे राहिले. आता तिकडचा माणूस मराठी बोलत असता तर त्या चार दिवसांत काय म्हणाला असता? "दिल्लीच्या पोलिसांनी आमच्या पोरावर बालंट आणलं." ठपका नाही, खापर पण नाही. बालंट. किंवा आळ.

११ तारखेला पहाटे क्रोनिएने बाखरना फोन करून कबूल केलं की आपण पूर्ण खरं बोललो नव्हतो. झालं, त्या क्षणी आळ आणि बालंट दोन्ही शब्द बाद. जूनमध्ये केपटाऊनला न्यायमूर्ती किंग यांचा आयोग बसला, तिथे त्याच संघातल्या हर्शेल गिब्ज या बॅट्समनने सांगितलं की नागपूरच्या मॅचमध्ये वीस रनांच्या आत आऊट व्हायला क्रोनिएने १५,००० डॉलर देऊ केले होते (आणि पठ्ठ्याने त्या मॅचमध्ये ७४ मारल्या!). ऑक्टोबरमध्ये क्रोनिएवर आजन्म बंदी. इकडे मेमध्ये पाकिस्तानात न्यायमूर्ती कय्यूम यांचा अहवाल बाहेर आला आणि त्यांचा माजी कॅप्टन सलीम मलिक याच्यावर आजन्म बंदी आली, नोव्हेंबरात सीबीआयचा अहवाल, डिसेंबरात आपल्या बोर्डाने अझरुद्दीनवर आजन्म बंदी घातली, जी आंध्रच्या हायकोर्टाने २०१२ मध्ये बेकायदेशीर ठरवली. हा सगळा ठपक्याचा प्रदेश. आयोग, अहवाल, बोर्ड, आणि ठपका कोणावर, तर नाव असलेल्या माणसावर. क्रोनिएवर. मलिकवर. देशावर कोणी ठेवला नाही.

देशावर जे फुटलं ते खापर. कबुली आल्यावर तिकडे सूर बदलला की पोरगा चुकला खरा पण त्याला नादी लावलं ते भारतातल्या बुकींनी, ही घाण सगळी उपखंडातली. (उपखंड हा पण गमतीचा शब्द बघ, घरात कोणी म्हणत नाही की आम्ही उपखंडात राहतो, तो खेळपट्टी आणि फिक्सिंगपुरताच बाहेर येतो.) आणि हे खापरच, कारण ऑस्ट्रेलियाच्या मार्क वॉ आणि शेन वॉर्नने १९९४ च्या श्रीलंका दौऱ्यात बुकीकडून पैसे घेऊन हवामानाची आणि पिचची माहिती दिली होती, त्यांच्या बोर्डाने त्यांना गुपचूप दंड केला आणि गोष्ट दाबून ठेवली, ती १९९८ च्या डिसेंबरात फुटली. तिथे बोर्डाने झाकली ती उपखंडाची इज्जत नव्हती.

पण आपण पण काय कमी नव्हतो हां. तेव्हा मी रोज ८.१२ च्या लोकलने जायचो. एप्रिलच्या त्या आठवड्यात डब्यात नुसता जल्लोष, "बघा, गोरे पण खातात!" असं म्हणत एकाने अख्ख्या डब्याला पेपर दाखवला. म्हणजे एका माणसाने पैसे खाल्ले आणि आम्ही खापर फोडलं एका अख्ख्या वर्णावर. नोव्हेंबरात आपल्या खेळाडूंची नावं आली तेव्हा तोच गृहस्थ पेपर मांडीखाली घेऊन बसला होता.

आणि इथे मला शब्दांपेक्षा व्याकरण जास्त मजेशीर वाटतं. क्रिकेटच्या मराठीत संघ म्हणजेच देश. "आफ्रिका हरली", "पाकिस्तानने मॅच टाकली", अकरा माणसांचं काम आपण एका वाक्यात कोट्यवधींच्या नावावर करतो आणि मग दोष पण आपोआप तिकडेच सरकतो. आणि सर्वनाम! जिंकलो की "आपण जिंकलो". हरलो की "हे हरले". पैसे खाल्ले की "तो अझर", "ते तिघं-चौघं". मराठीत आपण आणि आम्ही असे दोन वेगळे शब्द आहेत, आपणमध्ये ऐकणारा पण धरलेला असतो, म्हणून त्या नोव्हेंबरात "आपण मॅच विकल्या" हे वाक्य मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. "आम्ही" पण नाही. भारतावर कोणी बोट दाखवलं की मात्र "आपल्याला बदनाम करतात", तिथे आपण हजर.

तर तुझ्या वाक्याचं असं कर. चार दिवसांबद्दल बोलत असशील तर "दिल्ली पोलिसांनी बालंट आणलं, असं आफ्रिकेतल्या अनेकांना वाटलं". कबुलीनंतरचं बोलत असशील तर "भारतातल्या बुकींच्या डोक्यावर खापर फोडलं". आयोगाचं बोलत असशील तर ठपका, आणि तो क्रोनिएवर. "आफ्रिकेने" च्या जागी कोणी ते लिही, बोर्डाने की पेपरवाल्यांनी की लोकांनी, कारण तिथेही किंग आयोग बसवणारे आफ्रिकेतलेच होते ना.

एक अडचण तू काढशील म्हणून आधीच सांगतो. खापर हा शब्द वापरलास की तू भारताच्या बाजूने उभा राहिलास, निवेदक म्हणून न्यूट्रल राहिला नाहीस. राहायचं असेल तर साधं "दोष दिला" लिही, फिकट आहे पण प्रामाणिक आहे. मला विचारशील तर मी खापरच लिहीन, फक्त देशाऐवजी बुकींच्या डोक्यावर, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात त्या ८.१२ च्या डब्याचं पण लिहीन.

यावर त्याचं उत्तर आलं, "ओके मामा, पण थंबनेलवर एवढं मावत नाही."