मोठं व्हावंसं वाटतं म्हणजे मी नम्र नाही का?

"आंटी, मला मोठं व्हायचंय, आणि हे बोलताना पण लाज वाटतेय." खुर्चीत नीट टेकलीसुद्धा नव्हती, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. (तिची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) वय 36, स्टाफ नर्स, 13 वर्षं मेडिसिन वॉर्डला. चर्चच्या मंडळीत संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेते.

झालं असं की वॉर्ड इन्चार्जच्या पोस्टसाठी तिला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, नको, माझ्यापेक्षा चांगल्या सिस्टर आहेत. मग ती पोस्ट तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला मिळाली आणि आता रोज सकाळी हँडओव्हरला त्या मुलीसमोर उभं राहिलं की हिच्या पोटात आग पडते. मंडळीतही तेच. महिला मंडळात सेक्रेटरीसाठी नाव निघालं की ही म्हणणार, मी कसली, मला काय येतंय, आणि मनात वाट बघणार की कुणीतरी म्हणेल, नाही नाही, तूच हो. कुणी म्हणत नाही, लगेच दुसरं नाव लिहितात. लहानपणापासून आईनं सांगितलेलं, ख्रिस्ती पोरीनं पुढं पुढं करू नये. म्हणून रोज रात्री प्रार्थना, प्रभू, माझ्यातली ही हाव काढून टाक. ती काही निघत नाही.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे खूपजण येतात, पण बायका जास्त, आणि त्याचं मला नवल वाटत नाही कारण आपल्याकडे नम्रतेचा उपदेश बायकांनाच जास्त ऐकवला जातो, पुरुषाला इच्छा असली की त्याला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हणतात.

मी तिला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचायला लावला. याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूकडे जाऊन सरळ मागतात की तुझ्या वैभवात आम्हाला उजवीकडे आणि डावीकडे बसव. बाकीचे दहा शिष्य त्यांच्यावर भडकतात. मी तिला म्हटलं, आता बघ, प्रभू काय करतो. तो त्या दोघांना लाज वाटू द्या, चालते व्हा असं म्हणत नाही. आधी विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं असं तुम्हाला वाटतं, आणि नंतर सांगतो की ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. मोठं व्हायची इच्छा तो मारत नाही, तिची वाट बदलतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी आंधळ्या बार्तीमयाला पण तो हाच प्रश्न विचारतो, तुला काय हवंय. तोंडानं सांगायला लावतो. तू रोज रात्री ती इच्छा काढून टाक म्हणतेस, पण ती काय आहे हे त्याला कधी उघड सांगितलंस का?

ती गप्प. मग मी विचारलं, समज इन्चार्ज झालीस, पहिला दिवस आहे, काय दिसतं?

"बोर्डवर माझं नाव. आणि तिचा पडलेला चेहरा." एवढं बोलून रडायलाच लागली.

रडू दिलं. मग विचारलं, अजून काय दिसतं? बऱ्याच वेळानं बोलली की नाईटला नवीन पोरी असतात, 30 पेशंटला दोघी, आणि दोघीही नवीन, पहाटे तीनला त्यातली एखादी लिनन रूममध्ये जाऊन रडत असते, मी असते तर ड्यूटी लिस्ट लावताना पहिले तीन महिने नवीन मुलीबरोबर जुनी सिस्टर दिलीच असती. हे सांगताना पर्सचा बंद कधीच सुटला होता आणि बोटानं ती माझ्या टेबलावर ड्यूटी लिस्टचे रकाने आखत होती.

मी म्हटलं, दोन्ही तुझंच आहे, पहिलं पण आणि दुसरं पण. पहिलं प्रभूपुढं कबूल कर, त्या मुलीचं नाव घेऊन तिच्यासाठी भलं माग, जड जाईल पण माग. दुसरं मात्र हाव म्हणून फेकून देऊ नकोस, ते तुला दिलेलं आहे.

आणि "मी काहीच नाही" हे बोलणं बंद कर, कारण ते खरं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात लिहिलंय की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय आणि आपण देवाकडून आलोय हे येशूला माहीत होतं, आणि मग तो उठला, कमरेला रुमाल बांधला, शिष्यांचे पाय धुतले. आपण कोण हे पक्कं माहीत असलेला माणूस खाली वाकला. आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघा ना, 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता, सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, त्यांनी मला काय येतंय म्हणत विद्वत्ता झाकून ठेवली नाही, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या पोरीबाळींना सांभाळलं.

घरी करायला दोनच गोष्टी दिल्या. कुणी कौतुक केलं तर नुसतं थँक्यू म्हणायचं, पुढं एक शब्द नाही. आणि ड्यूटी लिस्टची कल्पना कागदावर लिहून त्या इन्चार्जलाच द्यायची.

महिन्यानं आली ती तावातावानं. कागद दिला होता, इन्चार्जनं तशी लिस्ट लावली, आणि मीटिंगमध्ये मेट्रननं कौतुक केलं ते इन्चार्जचं. "आंटी, डोकं माझं आणि नाव तिचं!" मी काहीच बोलले नाही, राग खरा होता आणि तो यायलाच हवा होता. थोडं पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, काल नाईटला मी मुद्दाम लिनन रूममध्ये जाऊन बघितलं, कुणी नव्हतं.

आता दुसऱ्या वॉर्डची पोस्ट निघालीय आणि ह्यावेळी तिनं अर्ज भरलाय. भरताना फॉर्म माझ्याकडे घेऊन आली होती, अनुभवाच्या रकान्यात फक्त "13 वर्षे" एवढंच लिहिलेलं. मी म्हटलं, काय काय केलंस ते सगळं लिही, कमी नको, जास्त नको. तिथंच बसून लिहिलं, अर्धा तास लागला, वेगळा कागद जोडावा लागला.