मीठ राहू द्या, पगाराचं बोला

प्रश्न असा आलाय: 'सॅलरी' आणि 'पे' यांत फरक काय, आणि रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं म्हणून 'सॅलरी' शब्द आला, हे खरं ना?

नाही हो! दर एक तारखेला हे मीठ कुणी ना कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतंच. लॅटिन 'सालारिउम'मध्ये 'साल' म्हणजे मीठ आहे, एवढं कबूल. पण रोमन शिपायाच्या पगाराला शब्द होता 'स्तिपेन्दिउम', आणि तो नाण्यांत मोजला जाई. सम्राट ऑगस्टसच्या काळात वर्षाला २२५ देनारिउस, म्हणजे चांदीची नाणी. रोमन लेखक प्लिनी आपल्या 'नॅचरल हिस्टरी' ग्रंथाच्या ३१व्या खंडात मिठाचे गोडवे गाताना 'सालारिउम'ला मिठाशी जोडतो, पण शिपायांच्या ओंजळीत मीठ ओतलं असं काही म्हणत नाही. लुइस आणि शॉर्ट यांच्या १८७९च्या जाडजूड लॅटिन-इंग्रजी कोशात मात्र 'सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे' असा अर्थ बिनदिक्कत छापलाय. पुरावा? कोशकार झाले म्हणून काय, अंदाज तो अंदाजच.

खरी गंमत 'पे'मध्ये आहे. लॅटिन 'पाक्स' म्हणजे शांतता. त्यावरून 'पाकारे', शांत करणे. मध्ययुगात या क्रियापदाने सावकाराला शांत करायचं काम धरलं. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं तेव्हा 'पे'चा अर्थ खूश करणे असाही होता. तो पुढे गळाला, पैसे तेवढे उरले. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपण तहान भागवतो आणि वाण्याची उधारीही भागवतो.

आणि त्याच 'पाकारे'चं पोर्तुगीज रूप कोणतं? 'पगार'! पैसे देणे. पाव आणि चावीसोबत तेही आपल्याकडे उतरलं, क्रियापदाचं नाम झालं आणि पगाराचा जुना शब्द 'मुशाहिरा' दप्तरात पडून राहिला. म्हणजे 'पे' आणि 'पगार' एकाच आईची लेकरं. 'पे स्लिप' म्हणू नका, अस्सल देशी 'पगारपत्रक' म्हणा, असं बजावणाऱ्यांना हे जरूर कळवा.

अजून पुढे जातो. 'पाक्स'च्या मुळाशी बांधणे, जखडणे हा अर्थ आहे, आणि त्याच धातूशी संस्कृत 'पाश' जोडतात. म्हणजे पगार हा पाशाचा लांबचा चुलतभाऊ. घरकर्जाचे हप्ते फेडणाऱ्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही.

हां, फरक राहिलाच. 'सॅलरी' ठरलेली, बहुधा महिन्याची. 'पे' कुठल्याही कामाचा, अगदी रोजंदारीचासुद्धा.