लातूरला औसा रोडला घराभोवती ३० गुंठे जागा आहे, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन टिकाऊ आणि स्वस्तात कोणतं मिळेल?

तुम्ही लिहिलंय की ३० गुंठ्यांत थोडी लॉन आहे, बाकी पावसाळ्यात आपोआप येणारं गवत, आणि यूट्यूबवर अमेरिकेतले लोक बसून कापतात तसलं मशीन घ्यायचंय. मी परभणीला छोट्या इंजिनांचं रिपेरिंग करतो, फवारणी पंप, ब्रश कटर (खांद्याला अडकवून गवत कापायचं मशीन), पॉवर वीडर असं सगळं येतं, काही मंगल कार्यालयवाल्यांचे रायडर, म्हणजे हीच बसून चालवायची मशीनं, पण येतात, म्हणून मेकॅनिकच्या बाजूनं सांगतो, दुकानदार वेगळं सांगतील.

आधी जागेचा हिशोब करा. ३० गुंठे म्हणजे पाऊण एकर, त्यातून घर, गाडी लावायची जागा, झाडांचे आळे, बोअर हे सगळं वजा करा आणि खरी लॉन किती ते टेपनं मोजा. ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पाती झाकणारं खालचं पत्र्याचं घर) रायडर ताशी ४ किलोमीटरनं मोकळ्या जागेत चालला तर तासात एकराच्या जवळपास कापतो. २१ इंची सेल्फ प्रोपेल्ड, म्हणजे आपण मागं चालायचं पण चाकं इंजिन फिरवतं, ते १० गुंठ्याला पाऊण तास घेतं. आता लॉन १०-१२ गुंठेच असंल तर पाऊण तासासाठी लाखांतलं मशीन कामून घ्यायचं? वर गवत जोरात वाढणार जून ते सप्टेंबर, नंतर ते शेडमध्ये उभंच. आणि उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायला पाणी लागतं हो, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझं मत विचाराल तर होंडाच्या जीएक्सव्ही १६० सारखं फोर स्ट्रोक इंजिन असलेलं सेल्फ प्रोपेल्ड घ्या आणि बाकीच्या रानगवताला एक चांगला ब्रश कटर. कारण कमरेइतकं वाढलेलं गवत, गाजरगवत, कुंदा हे रायडरचं काम नाहीच. ते घातलं की डेक तुंबतं, बेल्ट घसरतो, जळका वास येतो आणि मग फोन येतो की मशीन बेकार निघालं.

तरीपण खरी लॉन जागेच्या बऱ्याचशा भागात असंल किंवा गुडघ्याचा त्रास असंल तर रायडर घ्या, पण एचपी आणि रंग बघून नका घेऊ. इंजिन सहसा आधी मरत नाही, ब्रिग्ज कंपनीचं असो का कोहलरचं, ऑइल वेळेवर बदललं की चालतं. नवीन मशीनचं पहिलं ऑइल ५ ते ८ तासांत काढायचं, नंतर ५० तासांनी. आधी मरतं ते डेक, स्पिंडल (ज्या दांड्यावर पातं फिरतं तो) आणि गिअरबॉक्स. स्वस्तातल्या हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता ऑइलच्या दाबानं चालणाऱ्या) रायडरचा गिअरबॉक्स सीलबंद असतो, सपाट जागेवर नुसतं गवत कापायला ठीक, पण आपली माणसं त्याच्यामागं ट्रॉली लावून मुरूम वाहतात, दोन सीझनमध्ये चढाला मशीन जागेवर थांबायला लागतं. ट्रॉली ओढायचीच असंल तर थोडे पैसे वाढवून छोटा ट्रॅक्टर बघा.

सेकंड हँड बघत असाल तर प्लगची वायर काढा, डेकखाली हात घालायच्या आधी ही गोष्ट पक्की, मग पात्याचं टोक धरून वरखाली हलवा. पातं कटकट हलत असंल तर स्पिंडलचं बेअरिंग गेलेलं आहे. डेकचा पत्रा आतून स्क्रूड्रायव्हरनं खरवडा. आपली काळी माती ओल्या गवताबरोबर आतून सिमेंटसारखी चिकटते आणि तिच्याखाली पत्रा सडत राहतो, वरून मात्र रंग चकाचक दिसतो. नवीन घेतलं तरी कापून झालं की त्याच दिवशी मशीन थंड झाल्यावर डेक खालून खरवडून काढा.

बेल्टचं पण आधी विचारून ठेवा. रायडरच्या बेल्टमध्ये आतून अरामिड नावाचा मजबूत दोरा असतो, कारण तो सारखा ढिला-ताठ होतो. चक्कीचा साधा बेल्ट त्याच मापाचा मिळतो, बसतो पण, चार दिवसांत उडतो. म्हणून ज्या कंपनीचा डीलर लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला बेल्ट, पातं, स्पिंडल हातात देतो तीच कंपनी तुमच्यासाठी टिकाऊ. नुसतं ऑनलाइन स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका राव.

पेट्रोलचं असंय, या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी असते आणि पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. टाकीत पेट्रोल ठेवून मशीन दिवाळीपासून जूनपर्यंत उभं केलं की कार्ब्युरेटरचा जेट चोंदतो, पहिल्या पावसानंतर माझ्याकडं जी रांग लागते ती बरीचशी याचीच. सीझन संपला की टाकी रिकामी करा, मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. एअर फिल्टर तर आपल्या धुळीत पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकरच साफ करावा लागतो.

अजून एक, सीटखाली स्विच असतो, माणूस उठला की पातं आणि इंजिन बंद. तो खराब झाला की मेकॅनिक "डायरेक्ट करून देतो" म्हणतात. करू देऊ नका. लेकराला मांडीवर घेऊन पण चालवायचं नाही, आणि गोटे आधी वेचून घ्या, पात्याखालून सुटलेला गोटा लांब जातो.

टायर बघताना त्यांची नक्षी बारीक असते हे लक्षात ठेवा, ओल्या काळ्या मातीत ते जागेवरच फिरतात, म्हणून पाऊस उघडून वाफसा आल्यावरच मशीन काढायचं. आणि कुंपणाला वेडी बाभूळ असंल तर पहिल्याच दिवशी टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड भरून घ्या, नाहीतर काटे काढता काढताच पावसाळा जाईल.