आकड्याला भागायचं कशाने? डेटा पत्रकारितेवर तुमचे प्रश्न

स्प्रेडशीट आणि सरकारी डेटाबद्दल बरेच प्रश्न आले, आणि खरं सांगायचं तर निम्मे प्रश्न 'कुठला फॉर्म्युला वापरू' असे होते. फॉर्म्युले सर्च केले की सापडतात, त्यामुळे ते मी फारसे घेतलेले नाहीत. जिथे माणसं अडकतात, म्हणजे मी स्वतः अडकले होते, ते प्रश्न घेतलेत.

ताई, मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीनंतर गणिताशी संबंध नाही. सगळे म्हणतात आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिक. खरंच लागतं का?

आत्ता नाही लागत. बेरीज, वजाबाकी, भागाकार, टक्केवारी आणि शीटमधलं सॉर्ट, फिल्टर, पिव्होट टेबल (ओळींचे गट करून मोजून देणारं टेबल) एवढं नीट आलं तर पहिल्या वर्षभराच्या बातम्या आरामात निघतात. एक जुना किस्सा सांगते. १९६७ साली अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये मोठी दंगल झाली, आणि सगळीकडे हेच बोललं जात होतं की यात उतरलेले लोक म्हणजे शाळा सोडलेले, तळातले, नाहीतर दक्षिणेतून येऊन शहरात न रुळलेले. फिलिप मेयर नावाच्या बातमीदाराने तिथल्या रहिवाशांचं सर्वेक्षण केलं, उत्तरं पंच कार्डांवर घेतली, मेनफ्रेम कॉम्प्युटरवर मोजली, आणि निघालं असं की कॉलेजात गेलेले आणि शाळा सोडलेले यांचं दंगलीतलं प्रमाण जवळपास सारखंच, आणि दक्षिणेत वाढलेल्यांपेक्षा उत्तरेतच वाढलेले जास्त. डेट्रॉइट फ्री प्रेसला त्या वार्तांकनासाठी १९६८ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळालं. आता यातलं गणित बघ: डाव्या बाजूला शिक्षण, वरच्या बाजूला 'दंगलीत होता का, हो की नाही', आणि मधल्या चौकटींत किती जण. बास. तुझ्या शीटमध्ये हेच काम पिव्होट टेबल चार क्लिकमध्ये करतं.

पायथन कधी शिकायचं? दर आठवड्याला त्याच पन्नास फायली उघडून तेच काम हाताने करायचा वैताग येईल ना, तेव्हा. वैताग आल्यावर शिकलेलं डोक्यात राहतं.

पिव्होट टेबल करते पण एकच गाव तीन-तीनदा येतं आणि बेरीज भलतीच निघते. शीट खराब आहे की मी?

शीट. तू पण थोडी, कारण साफ न करता पिव्होट लावलास. माणसाला सारखं दिसणारं कॉम्प्युटरला सारखं नसतं, नावापुढे एक स्पेस जास्त पडली की त्याच्या लेखी ते दुसरं गाव. आधी ट्रिम (जादा स्पेस काढणारा फॉर्म्युला) मारायचं, मग त्या कॉलमची युनिक नावं काढून वरून खाली डोळ्याने वाचायची, हे कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. नावं हजारात असतील तर ओपनरिफाइन नावाचं फुकट टूल आहे, मिळतीजुळती स्पेलिंगं ते गट करून समोर ठेवतं, फक्त 'सगळे एक करा' डोळे मिटून दाबू नकोस, एकाच नावाची दोन खरी गावं असतात.

देवनागरीत आणखी एक भुताटकी आहे. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची आजची पद्धत) दोन तऱ्हेने लिहिता येतं, एकच आख्खं अक्षर म्हणून किंवा 'र' आणि खाली नुक्ता असं जोडून. दिसायला फरक शून्य, पण व्हीलुकअप (एका टेबलातलं नाव दुसऱ्यात शोधणारा फॉर्म्युला) म्हणणार सापडलं नाही. कधी शब्दाच्या मध्ये न दिसणारा जोडाक्षराचा कॅरेक्टर बसलेला असतो. संशय आला की दोन्ही शब्दांवर लेन फॉर्म्युला लावून लांबी बघायची, आकडा वेगळा आला की चोर सापडला. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल असेल तर कन्व्हर्टर वापरल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हाताने तपास, तिथे हमखास घोळ होतो.

अजून एक, टोटलची ओळ. मी एकदा एका कॉलमची बेरीज केली आणि त्यात शेवटची 'एकूण' ही ओळ पण धरली, आकडा बरोब्बर दुप्पट, बातमी लिहून तयार, मथळासुद्धा झकास. शेजारच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याने नुसतं विचारलं की एवढी माणसं तिथे राहतात तरी का. त्या दिवसापासून शीट उघडली की आधी खाली जाऊन शेवटची ओळ बघते.

डेटा मागितला की पीडीएफ देतात. टाईप करत बसू?

आधी मूळ शीट मागा. पीडीएफ ही बहुतेक वेळा कुठल्या तरी शीटमधूनच बनवलेली असते, ती तिथल्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर असते, आणि साहेबांपेक्षा ती बनवणाऱ्या माणसाला नीट विचारलं तर काम लवकर होतं. नाहीच मिळाली तर पीडीएफमधला मजकूर माऊसने सिलेक्ट होतो का बघा, होत असेल तर टॅब्युला हे टूल टेबल ओढून काढतं. सिलेक्ट होत नसेल तर तो फोटो आहे, मग ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर), आणि ओसीआर ३ चा ८ सहज करतं. त्यावर उपाय सोपा, काढलेल्या प्रत्येक कॉलमची बेरीज करा आणि पीडीएफमध्ये छापलेल्या बेरजेशी ताडून बघा. जुळली नाही तर एकतर तुमचं चुकलं किंवा त्यांचं, आणि त्यांचं चुकलं असेल तर तीच बातमी असू शकते.

सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाईल) उघडली तर ३-४ चं ४ मार्च झालं आणि कोडांच्या पुढची शून्यं गेली. हे का होतं?

कारण एक्सेलला वाटतं त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. डबल क्लिक करून सीएसव्ही उघडली की तारखेसारखं दिसेल त्याची तो तारीख करतो. जनुकशास्त्रवाल्यांनी याचा इतका ताप सोसला की 'मार्च१' असलं नाव असलेल्या जनुकांची शेवटी २०२० मध्ये नावंच बदलली, एक्सेल बदलण्यापेक्षा जनुक बदलणं सोपं पडलं! आता नव्या व्हर्जनमध्ये हे बंद करायची सेटिंग आहे. तरी सवय अशी लावा की फाईल डबल क्लिकने उघडायचीच नाही, रिकामी शीट उघडून डेटा मेनूतून इम्पोर्ट करायची, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं म्हणजे देवनागरीचा चोथा होत नाही, आणि कोडांचे कॉलम 'टेक्स्ट' म्हणून आणायचे. ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही तो आकडा नाहीच, ते नाव आहे.

ओळी पण मोजा. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, नव्यात १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस आठवडाभर आकडेवारीत आल्याच नाहीत, कारण मधल्या टप्प्यावर जुना फॉरमॅट होता आणि जास्तीच्या ओळी गुपचूप गळून गेल्या. शीट रडत नाही हो, ती नुसती गप्प बसते.

मी केलेल्या बातमीत दोन शहरांतल्या अपघातांची तुलना होती. संपादकांनी 'अर्थ काय याचा' म्हणून परत पाठवली. आकडे तर अधिकृत होते.

आकडे बरोबर असतील, प्रश्न असा की भागलंत कशाने. समजा एका शहरात वर्षात ४० अपघात आणि दुसऱ्यात ४००. दुसरं दहापट वाईट? पहिल्याची लोकसंख्या ५० हजार असेल आणि दुसऱ्याची १० लाख, तर दर लाखामागे पहिल्यात ८० आणि दुसऱ्यात ४०. बातमी उलटली. आणि इथेही थांबू नका, कारण अपघाताला लोकसंख्येने भागायचं की गाड्यांच्या संख्येने की रस्त्यांच्या लांबीने? हायवेवरचं छोटं शहर असेल तर तिथे मरणारे बरेच जण तिथले रहिवासी नसतातच. छेद कुठला घ्यायचा हे स्प्रेडशीट सांगत नाही, ते ठरवायला विषय कळावा लागतो, त्या भागात जावं लागतं, वाहतूक पोलिसाशी बोलावं लागतं. माझ्या मते डेटा पत्रकारितेतली ऐंशी टक्के अक्कल या एका ठिकाणी लागते (हा ८० चा आकडा मी हवेतून काढलाय, असले आकडे बातमीत दिसले की लगेच पकडा).

मग लहान आकड्यांचा सापळा. २ च्या ४ घटना झाल्या की '१०० टक्के वाढ' असा मथळा देता येतो आणि तो खोटा नसतो, फक्त लबाड असतो. अशा वेळी टक्केवारी लिहायचीच नाही, सरळ '२ होत्या, ४ झाल्या'. तसंच ८ टक्क्यांचे १० टक्के झाले तर '२ टक्क्यांनी वाढ' म्हणू नका, ती २ परसेंटेज पॉइंटची वाढ आहे, टक्क्यांत म्हणायची तर २५ टक्के. आणि नोंद वाढली की गुन्हा वाढला हे दोन वेगळे प्रश्न, तक्रार करणं सोपं झालं की आकडा वाढतोच आणि ते चांगलं लक्षण असू शकतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एकत्र बेरीज. १९७३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशाला अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि बायकांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. उघड भेदभाव वाटतो ना? विभागवार फोड केली तर बहुतेक विभागांत तसं काही दिसेना, उलट एकूण कल किंचित बायकांच्या बाजूचा. झालं असं होतं की जिथे प्रवेश मिळणं मुळातच अवघड होतं अशा विभागांकडे बायकांचे अर्ज जास्त गेले होते. आता यावर 'म्हणजे भेदभाव नव्हता' असं लिहून मोकळं होऊ नका, बायका त्याच विभागांकडे का वळल्या हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या शीटमध्ये नाही.

कुठला चार्ट लावू?

बहुतेक वेळा साधा बार, काळानुसार बदल असेल तर लाइन. बारची उंची शून्यापासूनच सुरू करा, ९५ पासून सुरू केलेत तर ९६ आणि ९८ मधला फरक डोंगराएवढा दिसतो. थ्रीडी पाय चार्ट नको, प्लीज. दोनच आकडे असतील तर चार्टच नको, वाक्य लिहा.

छापायच्या आधी चुका कशा पकडायच्या? मला झोप येत नाही.

झोप न येणं हे या कामात बरंच म्हणायचं. मी काय करते ते सांगते. मूळ फाईलला हात लावत नाही, तिची कॉपी करून त्यावर काम, आणि वेगळ्या टॅबवर काय काय केलं ते तारखेसकट लिहून ठेवते, 'इतक्या ओळी काढल्या, का काढल्या' असं. मग मुख्य आकडा दुसऱ्या रस्त्याने काढते, पिव्होटने काढला असेल तर फिल्टर लावून हाताने. आणि शीट दुसऱ्याला देते, शक्यतो ज्याला माझी बातमी आवडलेली नाही अशाला.

अर्थशास्त्रातली मोठी माणसंही इथे पडलीत. कारमेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा पेपर होता, देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ कोलमडते असा, आणि सरकारी खर्च कापायच्या बाजूने तो ठिकठिकाणी दाखवला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातल्या असाइनमेंटसाठी तेच आकडे परत काढायचे होते, काही केल्या जुळेनात, शेवटी त्याने लेखकांकडेच शीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात ४९ व्या ओळीपर्यंत जायचं तर ४४ वरच थांबले होते, पाच देश बाहेर. शिवाय काही वर्षांचा डेटा धरलेला नव्हता आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही आक्षेप होता. सगळं धरून ९० टक्क्यांच्या वर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के नसून २.२ टक्के निघाली, असं त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडलं. मूळ लेखकांनी फॉर्म्युल्यातली चूक मान्य केली, बाकीचा वाद पुढे चालू राहिला.

म्हणून बातमीसोबत शीटची लिंक देत जा. चूक सापडली तर लाज वाटते, मला वाटलेली आहे, पण पाच ओळींची चूक तीन वर्षं कुणाला न सापडणं त्याहून महाग.

सरावाला डेटा कुठून घेऊ?

जागतिक बँकेने २०१० पासून आपला डेटा फुकट खुला केलाय, फायली बऱ्यापैकी स्वच्छ असतात, हात बसायला उत्तम. पण आठवडाभरच. मग तुम्हाला माहिती असलेल्या विषयाची एखादी गचाळ सरकारी फाईल घ्या, शाळा असो, पाऊस असो, बससेवा असो, आणि त्यात आधी एक ओळ शोधा जी तुम्हाला स्वतःला माहितीये, तुमची शाळा, तुमचा बसरूट. ती ओळ चुकीची निघाली तर बाकीच्या हजार ओळींकडे कसं बघायचं ते आपोआप कळेल.